नव्या लिनक्सवर नेट लागत नाही: वायर, वायफाय आणि डोंगल वेगवेगळे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप डेलचा, २०१४ चा, विंडोज ८ सोबत आलेला. पुढे विंडोज १० टाकलं, त्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, अकरा या मशीनवर बसत नाही, म्हणून तुम्ही लिनक्स मिंट २२ टाकलं आणि विंडोज पूर्ण काढून टाकलं. आता केबलवाल्याची वायर लावली की 'कनेक्टेड' असं दिसतं, पण एकही साइट उघडत नाही. वायफायची यादीच येत नाही. घरातलं जुनं थ्रीजी डोंगल लावलं तर सीडी लावल्यासारखं दिसतं. आधी विंडोजवर एक आयकॉन होता, त्यावर दोनदा क्लिक करून आयडी-पासवर्ड टाकला की नेट सुरू व्हायचं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की मिंट पुन्हा टाकू, की दुसरं एखादं लिनक्स बघू?

दोन्ही नको. पुन्हा टाकलंत तरी हेच होईल, कारण मिंट बिघडलेलंच नाही. तुमच्याकडे एकाच वेळी तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची लक्षणं एकसारखी दिसतात: नेट नाही. वायरीला डायल करायचं, म्हणजे आयडी-पासवर्ड टाकून लाइन सुरू करायचं राहिलंय, वायफायला ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाही आणि डोंगलचा प्रश्न बहुधा लिनक्सचा नसून सिमच्या नेटवर्कचा आहे. या तिघांची सरमिसळ केली की माणूस वायफायसाठी वायरीची सेटिंग बदलतो, मग वायरही जाते आणि नेमकं काय बदललं होतं हे आठवत नाही. म्हणून एकावेळी एकच मार्ग हातात घ्या, बाकीचे दोन बाजूला ठेवा.

सुरुवात करण्याआधी तात्पुरतं नेट मिळवा, म्हणजे घाई राहणार नाही. ॲन्ड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टिथरिंग' चालू करा. लिनक्सला यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, काही सेकंदांत एक नवीन वायर्ड कनेक्शन दिसू लागतं. फक्त चार्जिंगची केबल असेल तर टिथरिंगचा पर्याय करडाच राहतो, तेव्हा केबल बदलून बघा. आणि या काळात अपडेट मॅनेजर चालू करू नका. नव्या इन्स्टॉलनंतर तो शेकडो एमबी मागतो, दिवसाचा डेटा तिथेच संपेल. टिथरिंगवर साइट उघडल्या, तर मिंटचं नेटवर्क ठीक आहे हेही त्याच वेळी कळलं.

आता वायर. 'कनेक्टेड' या शब्दावर फार विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच, की वायरीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी चालू आहे आणि लॅपटॉपला कुठून तरी एक पत्ता मिळाला आहे. टिथरिंगची केबल काढा, केबलवाल्याची वायर लावा, नेटवर्क सेटिंग्जमध्ये वायर्डवर जा आणि आयपीव्ही४ चा पत्ता वाचा. पुढचं सगळं त्यावर ठरतं. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल तर तो घरातल्या राउटरने किंवा फायबरच्या डब्याने, म्हणजे ओएनयूने दिलेला असतो. १० ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा तो केबलवाल्याच्या अंतर्गत जाळ्याचा असतो. यातला कुठलाही पत्ता मिळाला म्हणून नेट मिळालं असं होत नाही. पत्ताच नसेल आणि चिन्ह नुसतं फिरत राहत असेल, तरी घाबरू नका. डायलवर चालणाऱ्या लाइनवर आपोआप पत्ता वाटणारं कुणी नसणं हे अगदी नेहमीचं आहे.

तुमच्या विंडोजवरचा तो आयकॉन म्हणजे पीपीपीओई. भारतात सार्वजनिक इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं, तेव्हा फोनच्या लाइनवरून मोडेम नंबर फिरवायचा आणि पलीकडे आयडी-पासवर्ड तपासला जायचा. ती आयडी-पासवर्डची पद्धत इथरनेटच्या वायरीवर आणली ती १९९९ च्या पीपीपीओईने. गावोगावचे केबलवाले आजही त्यावर चालतात, कारण कुणाचा प्लॅन संपला, कुणाचा वेग किती, हे त्यांना एका जागी बसून सांभाळता येतं. विंडोज काढलं तेव्हा तो डायलर आणि त्यात साठवलेला पासवर्ड, दोन्ही गेले.

मिंटमध्ये तो परत असा करायचा. मेन्यूमध्ये 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन' (काही ठिकाणी नाव 'नेटवर्क कनेक्शन्स') शोधा, अधिकचं चिन्ह दाबा आणि यादीतून 'डीएसएल/पीपीपीओई' निवडा. नेहमीच्या 'नेटवर्क सेटिंग्ज'मध्ये हे शोधू नका. जीनोम डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्येही हा पर्याय नसतो, त्यामुळे उबुंटूवर बरेच जण तिथेच अडकतात. युजरनेम आणि पासवर्ड केबलवाल्याने दिलेले, जसेच्या तसे. 'सर्व्हिस'ची जागा रिकामी सोडा, त्यात कंपनीचं नाव टाकायचं नसतं. पेरेंट इंटरफेस विचारला तर वायरीचं कार्ड निवडा. पासवर्ड दाखवण्याच्या चौकटीत खूण करून एकदा डोळ्यांनी वाचून घ्या, कारण नव्या इन्स्टॉलवर कीबोर्डचा लेआउट वेगळा निवडला गेला असेल तर ॲटचं चिन्ह दाबल्यावर भलतंच काही उमटतं, आणि ठिपक्यांमागे ते दिसत नाही. युजरनेममध्ये ॲटच्या पुढे काही असेल तर तेही नावाचाच भाग आहे. मग आधीचं 'वायर्ड कनेक्शन १' उघडून त्याचं आपोआप जोडणं बंद करा. नाहीतर तुम्ही डायल करत असताना तेही त्याच कार्डावर हक्क सांगत राहतं.

जुन्या लेखांत 'पीपीपीओईकॉन्फ' नावाची कमांड चालवायला सांगितलेली असते. माझा सल्ला, ती वापरू नका. ती आपली सेटिंग वेगळ्या फाइलमध्ये लिहिते आणि त्यानंतर नेटवर्क मॅनेजर, म्हणजे मिंटमधला नेटची जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, त्या कार्डाला हातच लावत नाही. मग यादीत 'डिव्हाइस नॉट मॅनेज्ड' दिसतं आणि आणखी एक कोडं उभं राहतं.

डायल करून लागलं नाही, तर अंदाज बांधत बसू नका, लॉग वाचा. टर्मिनल उघडून जर्नलसीटीएल ही कमांड सलग लिहा, पुढे जागा सोडून वजाचं चिन्ह आणि एफ (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं). ती खिडकी उघडी ठेवून दुसरीकडून कनेक्ट करा. ओळी भराभर सरकतील. त्यात काय शोधायचं हे कळायला आत काय घडतं ते माहीत हवं. लॅपटॉप आधी वायरीवर सगळ्यांना हाक मारतो, 'कोणी डायल घेणारं आहे का?' या हाकेला पाडी म्हणतात. केबलवाल्याचा सर्व्हर 'मी आहे' म्हणतो, तो पाडो. मग लॅपटॉप त्यालाच विनंती पाठवतो आणि सर्व्हर एक सेशन क्रमांक देतो. इथपर्यंत आयडी-पासवर्ड कुणी विचारलेलाही नसतो. तो त्यानंतर तपासला जातो आणि सगळ्यात शेवटी पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) मिळतात.

त्यामुळे लॉगमध्ये 'टाइमआउट वेटिंग फॉर पाडो पॅकेट्स' अशी ओळ आली, तर पासवर्ड दहा वेळा बदलून काहीही होणार नाही. तुमच्या हाकेला उत्तरच आलेलं नाही. वायर भलत्या पोर्टमध्ये आहे का बघा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागलाय का बघा. डब्याच्या काही पोर्टवर डायल पुढे जातं आणि काहींवर जात नाही, असंही करून ठेवलेलं असतं, तेव्हा वायर विंडोजच्या वेळी ज्या पोर्टला होती त्याच पोर्टला लावा. मधल्या काळात केबलवाल्याने डब्यातच डायल भरून ठेवलं असेल, तर लॅपटॉपवरून डायल करायची गरजच उरत नाही. तुम्हाला १९२.१६८ चा पत्ता मिळत असेल तर ही शक्यता त्याला विचारून घ्या.

याउलट 'पॅप' किंवा 'चॅप ऑथेंटिकेशन फेल्ड' असं आलं, तर वायर, पोर्ट, कार्ड, सगळं ठीक आहे. समोरच्याने तुम्हाला ओळखायला नकार दिला आहे. पासवर्ड चुकला, प्लॅन संपला, किंवा जुनं सेशन अडकलं. हे तिसरं कारण नव्या इन्स्टॉलनंतर बरंच दिसतं. विंडोजवर डिसकनेक्ट न करता मशीन बंद केलं, पेनड्राइव्ह लावून फॉरमॅट केलं, आणि सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून आतच आहात. एका आयडीवर एकच लॉगइन चालत असेल तर दुसऱ्याला तो नाही म्हणतो. थोडा वेळ वायर काढून ठेवा, किंवा केबलवाल्याला 'माझं सेशन क्लिअर करा' एवढंच सांगा.

केबलवाल्याशी बोलताना एक उपयोगी गोष्ट. त्याला लिनक्सचे संदेश ओळखीचे नसतात, तो विचारतो, 'सहाशे एक्क्याण्णव येतंय की सहाशे एक्कावन्न?' हे विंडोजचे एरर नंबर. पाडोची ओळ आली असेल तर ६५१ सांगा, ऑथेंटिकेशनची आली असेल तर ६९१. बहुतेक वेळा पुढचं काम त्याला तेवढ्यावरून कळतं, आणि 'आम्ही लिनक्सला सपोर्ट करत नाही' हे संभाषण टळतं. बरेच केबलवाले आयडीला कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, बांधून ठेवतात. तुमचा लॅपटॉप तोच आहे आणि वायरीचं कार्डही तेच, त्यामुळे लिनक्स टाकल्याने मॅक बदललेला नाही. मात्र मध्ये यूएसबीचं लॅन ॲडाप्टर वापरत असाल तर तो वेगळा मॅक आहे, तो त्याला सांगावा लागेल.

डायल लागलं पण साइट उघडत नाहीत, असं झालं तर टर्मिनलमध्ये १.१.१.१ ला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघा. उत्तर येतंय आणि नावाने काहीच उघडत नाही, तर दोष फक्त डीएनएसचा. त्याच पीपीपीओई कनेक्शनच्या आयपीव्ही४ टॅबमध्ये डीएनएस हाताने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरा. सगळ्याच साइट 'सुरक्षित नाही' म्हणत असतील तर आधी घड्याळ बघा. दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, तारीख कुठल्या कुठे मागे जाते आणि ब्राउझर एकेक प्रमाणपत्र नाकारतो. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, हे लक्षण एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं: पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट घेतं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात. लॅपटॉप स्वतः डायल करतो तेव्हा हे बहुधा आपोआप जुळतं. कुणाचं वाचून तिथे हाताने १५०० भरलं असेल तर काढून टाका.

वायफायकडे वळू. यादीच दिसत नाही, म्हणजे पासवर्ड किंवा रेंजचा प्रश्न नाही, मिंटला कार्ड वापरता येत नाही. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड पुढे वजा-एनएनके लावून चालवा आणि 'नेटवर्क कंट्रोलर' लिहिलेली ओळ शोधा. त्या काळातल्या बऱ्याच डेल आणि एचपी लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१४२ हे कार्ड असे. ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात १४ई४:४३६५ दिसलं तर तेच ते. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, पुढचा आकडा नेमकं मॉडेल. खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. इंटेलचं किंवा अथेरॉसचं कार्ड निघालं तर गोष्ट वेगळी आहे, त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. मग आरएफकिल लिस्ट ही कमांड चालवून 'हार्ड ब्लॉक्ड: येस' आहे का बघा. असेल तर कीबोर्डवरची वायफायची कळ किंवा कडेचं बटण बंद आहे, आणि ते सॉफ्टवेअरने उघडत नाही.

ब्रॉडकॉम निघालं असं धरून चालतो. या मॉडेलला ब्रॉडकॉमचा स्वतःचा 'डब्ल्यूएल' हाच ड्रायव्हर लागतो, बी४३ नावाचा जो मोफत ड्रायव्हर जुन्या लेखांत सापडतो तो याला चालत नाही. फोनचं टिथरिंग चालू करा, मेन्यूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमचा सुचवलेला पर्याय निवडा आणि बसू द्या. मध्ये तो ड्रायव्हर तुमच्या कर्नलसाठी तिथल्या तिथे तयार होतो, त्यामुळे मिनिटभर पडदा थांबल्यासारखा वाटेल. मध्येच बंद करू नका.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त लोकांची हुकते. तुमचा लॅपटॉप विंडोज ८ सोबत आला, म्हणजे त्यात सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, असणार. ते चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो पासवर्ड पुढच्या रीस्टार्टला एकदाच लागतो. मशीन सुरू होताना निळ्या पडद्यावर 'परफॉर्म मोक मॅनेजमेंट' येतं. पहिलाच पर्याय 'कंटिन्यू बूट' असतो, माणूस सवयीने एंटर दाबतो, आणि तिथेच घोटाळा होतो. त्याऐवजी खाली 'एनरोल मोक'वर जायचं, पुढे 'कंटिन्यू', मग 'येस', आणि तो पासवर्ड टाकून रीबूट. ही पायरी चुकली की ड्रायव्हर डिस्कवर असतो पण कर्नल त्याला आत घेत नाही, कारण त्याच्यावरची सही ओळखीची नाही. पडदा पुन्हा आला नाही तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा सरळ मार्ग. त्याने बूटच्या वेळचं एक संरक्षण कमी होतं हे खरं, पण विंडोज काढून टाकलेल्या घरगुती लॅपटॉपवर मी तेवढी तडजोड करतो. ऑफिसचं मशीन असतं तर एनरोलच करायला सांगितलं असतं.

पुढे कधी कर्नल अपडेट झाल्यावर वायफाय अचानक गायब झालं, तर नव्या कर्नलसाठी हा ड्रायव्हर तयार झाला नाही असं समजा. सुरुवातीच्या मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचं कर्नल निवडा, वायफाय परत येईल आणि बाकीचं सावकाश बघता येईल.

डोंगलसाठी फार वेळ घालवू नका. सीडी दिसते याचं कारण त्यातच विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. डोंगल आधी सीडी म्हणून स्वतःची ओळख देतं आणि नंतर मोडेम होतं. लिनक्सवर ही अदलाबदल यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्राम करतो. ते झालं नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीवर 'इजेक्ट' करा आणि अर्धा मिनिट थांबा, 'मोबाइल ब्रॉडबँड' दिसायला तेवढा वेळ लागतो. मग देश, कंपनी आणि एपीएन (कंपनीच्या मोबाइल नेटमध्ये शिरायचं नाव) भरा. बीएसएनएलचा बीएसएनएलनेट, एअरटेलचा एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम. डायलचा नंबर विचारला तर *९९#. पण त्याआधी सिम कुठलं आहे ते बघा. टाटा फोटॉन किंवा रिलायन्स नेटकनेक्ट असेल तर ती सीडीएमए नेटवर्कच बंद झाली, त्या डोंगलचं आता काहीच होणार नाही. जिओचं सिम थ्रीजी डोंगलमध्ये चालत नाही, कारण जिओचं टूजी-थ्रीजी नाहीच. एअरटेलने थ्रीजी बंद केलंय, त्यामुळे लागलं तरी टूजीच्या वेगाने लागेल. बीएसएनएलचं सिम असेल आणि तुमच्या भागात त्यांचं थ्रीजी चालू असेल, तरच खटपट करा. नाहीतर फोनचं टिथरिंग त्याहून वेगवान आहे.

वायरीचं डायल लागलं की एक काम लगेच करा. लॅपटॉप स्वतः डायल करतो तेव्हा मध्ये राउटरची आड नसते आणि मिंटमध्ये फायरवॉल सुरुवातीला बंद असते. मेन्यूत 'फायरवॉल कॉन्फिगरेशन' उघडून ती चालू करा, येणारं सगळं नाकारा, जाणारं राहू द्या. आणि जमलं तर साधा वायफाय राउटर घेऊन हा आयडी-पासवर्ड त्याच्यात भरा. मग लॅपटॉपवर कुठलंही सिस्टिम टाकलं तरी डायलचा प्रश्न परत येणार नाही, घरातले फोनही त्याच लाइनवर चालतील. राउटर लावताना ६९१ आलं तर मॅक बांधलेला आहे असं समजा. केबलवाल्याकडून नवा मॅक चढवून घ्या, किंवा राउटरच्या 'मॅक क्लोन'मध्ये लॅपटॉपच्या वायरीच्या कार्डाचा मॅक भरा.

एवढं करून अडलात तर तीन गोष्टी इथे लिहा: वायर लावल्यावर मिळालेला आयपीव्ही४ पत्ता, डायल करतानाच्या लॉगच्या शेवटच्या दहा-पंधरा ओळी आणि एलएसपीसीआयमधली वायफाय कार्डाची ओळ. लॉगमध्ये तुमचं युजरनेम असेल तर ते खोडून टाका.